हजेरीतला एकसष्ट नंबर

१७ जुलै, गुरुवार

आज सकाळी पावणेपाचला उठून मी नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेलो. अकरा वर्षं झाली, गुरुवार चुकवलेला नाही. कृष्णेचं पाणी चढलं होतं, पादुकांपर्यंत जाता आलं नाही. वरच्या पायरीवरूनच हात जोडले. परत येताना एसटी हातकणंगल्याजवळ पाऊण तास उभी राहिली. बावड्याला शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना संपून पोरं वर्गात गेली होती.

धापा टाकत दहावी ‘ब’ची हजेरी घेतली. नावं घेत बसलं तर अर्धा तास त्यातच जातो, म्हणून मी नंबर पुकारतो. एक ते साठ, चार मिनिटांत. यंदा एक मुलगी उशिरा दाखल झाली, संयोगिता, ती एकसष्टावी. छापील पानावर ओळी साठच असतात. तिच्या एकटीसाठी पान उलटावं लागतं. छापणाऱ्याला अजून एक ओळ मारायला काय धाड भरली होती कोण जाणे. आज तेवढी सवड नव्हती. घंटा झाली, मी फळ्याकडे वळलो.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक गणपतरावांनी बोलावलं.

“चौगले सर, फाटकावरचा फ्लेक्स वाचलायसा न्हवं?”

“रोज येता-जाता वाचतो.”

“सलग सहा वर्षं शंभर टक्के निकाल. सातवं वर्ष तुमच्या वर्गावर अडलंय.” त्यांनी चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीवर एकच नाव, संयोगिता. “हिचा दाखला काढून न्यायला सांगा पालकांना. सतरा नंबरचा फॉर्म भरू दे, बाहेरनं परीक्षा देईल. पास झाली तर पेढे खाऊ. नापास झाली तर आपल्या निकालात न्हाई.”

ही युक्ती आम्ही एकटेच करतो असं नाही. शाळा सुटलेल्यांना परीक्षा देता यावी म्हणून हा फॉर्म निघाला. आता शाळेत असलेल्यांना शाळा सोडायला लावून तो भरायचा. मी काही बोललो नाही. माझा निवडश्रेणीचा, म्हणजे वरच्या पगाराचा, प्रस्ताव गणपतरावांच्या टेबलावर आहे. हे इथंच लिहून ठेवतो, दुसरीकडे लिहायची सोय नाही.

२४ जुलै, गुरुवार

वाडीहून येताना पुन्हा उशीर. हजेरी उरकून पत्रक मिटलं तेवढ्यात यशराज उभा राहिला. “सर, अजून एक...” म्हणाला. मी म्हटलं, “मध्ये बोलायचं नाही. बस खाली.” या पोराला प्रत्येक गोष्टीत तोंड घालायची सवय आहे.

दुसऱ्या तासाला संयोगिता पाणी पिऊन वर्गात आली तर मागच्या बाकांवरून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, “मागचं पान आलं रे.” वर्ग खिदळला. याचा अर्थ काय, म्हणून मी चौघांना उभं केलं. एकानेही तोंड उघडलं नाही.

अर्थ मलाच सापडला. तिची वही तपासली. पुढची पानं कोरी आणि सगळी गणितं मागच्या पानांवर, पेन्सिलीने. त्यात वर्गसमीकरणं बरोबर सोडवलेली! मग घटक चाचणीत वीसपैकी चार कसे? विचारलं तर मान खाली. ही पोरगी दाराजवळच्या सुट्या बाकावर एकटी बसते. वर्गात बाक तीस, दोघांना एक. ही एकसष्टावी म्हणून प्रयोगशाळेतला बाक आणून टाकलाय. तिथं वारा येतो, ऊन येत नाही, कुणाचा त्रास नाही. तरी तोंड असं की शाळेने हिचं काहीतरी घेऊन ठेवलंय.

३१ जुलै, गुरुवार

महिनाअखेर. दुपारी दोन तास आकडेमोड. वर्गात मी हजर असलेल्यांचीच खूण करतो आणि महिन्याच्या शेवटी रिकाम्या चौकटी लाल शाईने गैरहजर भरतो. तेवीस वर्षांची पद्धत आहे, कधी तक्रार आली नाही. संयोगिता सव्वीस दिवसांत अकरा दिवस गैरहजर. आता ॲपवरून पालकांना आपोआप मेसेज जातो, तो गेला.

अकरा दिवस! घरातून निघते म्हणे रोज. मग जाते कुठे? चिडचिड झाली. एक मुलगी पुढं ढकलायला बघावं तर तिचे पाय मागे.

ॲप, नोंदणी, पोषण आहाराची माहिती, कुठल्या तरी दिनाचे फोटो. पोरांना शिकवायचं तेवढं राहून जातं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज तिच्या जुन्या शाळेत फोन लावला. कागलच्या बाजूला एक लहान गाव आहे, दहावीपर्यंतची छोटी शाळा. तिथल्या वर्षाराणी मॅडम म्हणाल्या, “आमची संयोगिता? सर, गणितात वर्गात पहिली. परिपाठाला बातम्या तीच वाचायची. एक दिवस आली नाही तर पोरंच घरी बोलवायला जायची.”

“वर्गात किती मुलं?”

“एकोणीस.”

एकोणीस पोरांत कुणीही पहिलं येईल, असं मनात आलं. फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. मी स्वतः अशाच शाळेतला. आमचे मास्तर हजेरीला “कोण आलं नाही?” एवढंच विचारायचे आणि आम्ही सगळे मिळून सांगायचो. गुंडू आला नाही, त्याची म्हैस व्यालीया. बाळाबाईचा थोरला आला नाही, त्याला गोवर आलाय. मास्तर लिहून घ्यायचे. साठ पोरांच्या वर्गात असं चालत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

संयोगिताची आई, मीनाबाई, आली. नवीन अपार्टमेंटांमध्ये स्वयंपाकाची कामं करते. नवरा गोव्याला ट्रकवर. हातात छत्री, पदराला पिठाचा हात लागलेला.

मी समजावलं. हजेरी कमी, मार्क कमी, बाहेरून परीक्षा दिलेली बरी, वर्ष वाया जाणार नाही. गणपतरावांनी शिकवलेलं सगळं बोललो आणि ते माझ्या तोंडून फार सुरेख आलं.

बाई म्हणाली, “सर, माझी पोरगी रोज धा वाजता घरातनं भाईर पडत्या. डबा घिऊन. मग तुमच्या मेसेजात न्हाई म्हणून कसं येतंय?”

“तेच तर तुम्ही तिला विचारायला हवं.”

“विचारलं की. हाणली बी.” तिने छत्री काखेत मारली. “एक म्हयना द्या मला. मी सोता गेटपतुर आणून सोडत्या. मग तर झालं?”

मी एक महिना दिला. पण गणपतराव आधीच म्हणाले होते, “सही आत्ताच घेऊन ठेवा, परत हेलपाटा नको.” म्हणून दाखला मागणीच्या अर्जावर तारीख न घालता तिची सही घेतली. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तिने वाचला नाही. “तुमी सर हाय, चुकीचं थोडंच करशीला,” म्हणाली.

८ सप्टेंबर, सोमवार

महिना झाला. गणपतींची सुट्टी वगळून शाळा भरली अठरा दिवस. सात दिवस संयोगिताची चौकट रिकामी. ॲपवर तेवढे दिवस गैरहजर भरले. आई गेटपर्यंत सोडते आणि ही गेटातून कुठे पसार होते? राग आला, तो वर्गातच बोललो. सगळ्यांपुढे म्हणालो, “ज्यांना शाळा नको त्यांनी दुसऱ्यांचे बाक अडवू नयेत.” ती उठली नाही, रडली नाही. पेन्सिलीने बाकावर काहीतरी गिरवत बसली. यशराज माझ्याकडे असा बघत होता की मीच काहीतरी गुन्हा केलाय. त्यालाही दटावलं.

दुपारी अर्ज काढला, तारीख घातली आणि गणपतरावांकडे दिला. ते म्हणाले, “सुटलो.” मीही मनात तेच म्हणालो.

१० सप्टेंबर, बुधवार

आजची गोष्ट नीट लिहितो.

मीनाबाई स्टाफरूमच्या दारात उभी. आत या म्हटलं तर आली नाही. पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, खिळ्याचं भोक फाटलेलं, आणि माझ्यापुढं धरलं. ज्या ज्या दिवशी तिने मुलीला फाटकात सोडलं त्या तारखेवर कुंकवाचं बोट. सोमवारपर्यंतची मोजली. अठरा.

“मी फाटकात हुबी ऱ्हात हुते सर, ती वर्गात जाईपतुर. तुमच्या वर्गाचं दार तितनं दिसतंय. कामावरच्या बाईनं उशीर होतोय म्हणून बोलणी घातली, तरी हुबी ऱ्हायले. आन काल पुन्यांदा मेसेज. सात दिवस न्हाई म्हणं! माझी पोरगी काय भूत हाय का, दारातनं आत जाऊन न दिसायला?”

शिपायाने आणि दोन शिक्षकांनी ऐकलं. मी कॅलेंडर मागून घेतलं. ती म्हणाली, “घ्या. पण परत द्या. त्यात घरातलं बाकीचं बी हाय.”

घरी येऊन हजेरीपत्रक आणि कॅलेंडर शेजारी ठेवलं. रिकाम्या सात चौकटी. चौदा ऑगस्ट. एकवीस ऑगस्ट. चार सप्टेंबर. तीन गुरुवार, आणि या महिन्यात शाळेचे गुरुवार तेवढेच होते. उरलेले चार दिवस डायरीत बघितले. ॲपवर माहिती भरायला पहिल्या तासाला ऑफिसात बोलावलं होतं म्हणून मी हजेरी घाईत उरकली ते चार.

सौ. देवापुढं वात लावत होती. म्हणाली, “जेवायचं न्हाई का? काय एवढं बघायलायसा त्या कॅलेंडरात?”

मी सांगितलं. ती वात तशीच ठेवून बसली. मग म्हणाली, “म्हंजे पोरगी वर्गात आणि तुम्ही तिला न्हाई म्हणून लिवलं. अन् त्यावर तिची आई तिला हाणत्या.”

एवढ्या थोड्या शब्दांत सांगायची काही गरज नव्हती.

११ सप्टेंबर, गुरुवार

वाडीला गेलो नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पहाटे जाग आली ती आलीच, अंथरुणात पडून राहिलो. प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी उभा होतो.

पहिल्या तासाला यशराजला उभं केलं. “मी साठ नंबरनंतर काय करतो?”

“पुस्तक मिटता, सर. ती ‘हजर’ म्हणत होती की. तवर तुम्ही फळ्याकडं. कवा कवा पान उलटता, कवा न्हाई.”

“मग मला सांगायचं नाही?”

“सांगाया उठलोतो सर. मध्ये बोलू नको म्हणालासा.”

“आणि तुम्ही तिला ‘मागचं पान’ म्हणता, ते...”

“त्येच की सर.” त्याने मान खाजवली. “म्हणजे गंमतीनं. तिला बी म्हाईत हाय.”

सगळ्या वर्गाला माहीत होतं. मला सोडून. त्यांनी त्याचं टोपणनाव केलं आणि मी वहीच्या मागच्या पानांवर संशोधन करत बसलो.

संयोगिताला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. “तू का नाही सांगितलंस?”

ती खांबाचा पोपडा काढत म्हणाली, “जूनमधी तीन येळा ‘हजर’ म्हणाले सर. चौथ्या येळेला वाटलं, ऱ्हाऊ दे. मग म्हणायचंच बंद केलं.”

“आणि चाचणीत चार मार्क?”

“पेपर साठच काढलेते. मला मागनं झेरॉक्स काढून दिला. निम्मा तास गेलता.”

“आणि जुलैमध्ये? खरंच नव्हतीस का कधी?”

“हुते... काय दिवस न्हवते. आले काय न्हाई आले काय, घरात मार सारकाच. मग चार-पाच दिवस रंकाळ्यावर बसले.”

कुठले चार-पाच? तिला आठवत नाही. जुलैच्या अकरा लाल खुणांमधल्या तिच्या किती आणि माझ्या किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मला ते फार लागलं. चूक मोजता आली असती तर बरं होतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

गणपतरावांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, त्यावरून मला वाटलं की समजलं.

“चौगले सर, हजेरीपत्रक सरकारी कागद. त्यात खाडाखोड करायची म्हणजे कोण निस्तरणार?”

“चूक माझी आहे, मी निस्तरतो.”

“तुम्ही कसली निस्तरताय! तपासणी लागली की पयला कागद मला देतील. आणि पोरीला गणितात चारच हाईत न्हवं? ते माझ्या चुकीनं पडले का?” मग आवाज खाली आणून, “तुमचा प्रस्ताव येत्या महिन्यात पाठवायचा हाय. उगंच गावभर करू नका. तिला सतरा नंबरला क्लास लावून देऊ. मी सोता फी... बरं, ते बघू.”

मी उठून आलो. लढलो वगैरे काही नाही. उठून आलो. जिन्यात उभं राहून दत्ताचं नाव घेतलं, आणि मनात आलं, याला तरी काय तोंड दाखवायचं. त्याच्याच दारात जाऊन येईपर्यंत इकडे ही पोरगी तीन महिने बेपत्ता.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दहा दिवस इथं काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलंच नाही.

संयोगिता येत नाही. खरोखरच. दाखला तयार झाला की घेऊन जा, असा फोन ऑफिसातून परस्पर गेला. दाराजवळचा बाक शिपायाने परत प्रयोगशाळेत नेला. आता मी रोज पान उलटतो आणि तिथे कुणी नसतं.

वर्गात एक गोष्ट झाली. भूमितीच्या तासाला यशराज प्रमेय अर्ध्यात अडला आणि त्याने आपसूक दाराकडे बघितलं. बाक नव्हता. तो म्हणाला, “सर, हे तिला यायचं.”

“तुला कसं माहीत?”

“मधल्या सुट्टीत आमी तिच्याकडनंच उतरून घ्यायचो की.”

उतरून घ्यायचे तिच्याकडून, आणि बाकावर शेजारी बसायचं मात्र नाही. चिडून बोलणार होतो, पण कुठल्या तोंडाने?

६ ऑक्टोबर, सोमवार

दहावीच्या अर्जांची यादी आली. बोर्डाकडे पाठवायची नावं वर्गशिक्षकाने तपासून सही करायची. साठ नावं. खाली क्लार्क भाऊसोने रेघ मारलेली.

सही केली नाही. “उद्या देतो” म्हटलं. भाऊसो म्हणाला, “उद्याच द्या बरं का सर. शुक्रवारी शेवटची तारीख.”

संध्याकाळी मीनाबाईच्या घरी गेलो. कॅलेंडर परत करायचंच होतं. खोली एक, ओटा बाहेर. मी झालं ते सगळं सांगितलं, तिने सही केलेल्या कागदासकट. तारीख नंतर मी घातली, हेसुद्धा.

तिला चीड यायला वेळ लागला. आली तेव्हा मात्र गल्लीत ऐकू गेली. “मी पोरगीला हाणली सर! लाटण्यानं! ती ‘मी वर्गात हुते’ म्हणत हुती आन मी हाणत हुते. कारण सर काय खोटं लिवत्यात हुय?”

मी खाली मान घालून बसलो. तरी तिने चहा दिला. संयोगिता आतून बघत होती, बाहेर आली नाही.

निघताना मीनाबाई म्हणाली, “आता काय करायचं ते सांगा. माफी-बिफी नगं.”

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काल एक निवेदन लिहिलं. चार ओळी लिहून चौदा वेळा फाडलं. शेवटचं असं: हजेरी पुकारताना मी एकसष्टाव्या क्रमांकापर्यंत अनेकदा गेलो नाही, त्यामुळे विद्यार्थिनी हजर असताना गैरहजर नोंदली गेली, दाखल्याच्या अर्जावर पालकांची सही मी तारखेविना घेतली, तारीख मागाहून मी घातली, तो अर्ज पालक मागे घेत आहेत. खाली माझी सही आणि मीनाबाईची.

आज तीन प्रती नेल्या. गणपतरावांनी वाचलं. लाल झाले.

“हे आवक-जावकला लावलं तर तुमचा प्रस्ताव विसरा.”

“विसरलो.”

“आणि निकाल पडला तर?”

“तर फ्लेक्सवर माझं नाव घाला, सर. हिच्यामुळं पडला म्हणून नको, माझ्यामुळं पडला म्हणून.”

“लई शाणपणा आला हो तुम्हाला या वयात!” त्यांनी कागद टेबलावर आपटला. पुन्हा उचलला. पुन्हा वाचला. तिसरी प्रत शिक्षण विभागाकडे, असं खाली लिहिलं होतं, तिथं त्यांचं बोट थांबलं. “पाठवलीत?”

“अजून नाही.”

त्यांनी घंटी मारली आणि भाऊसोला म्हणाले, “शिक्का मार. आन ते नाव घे यादीत.” माझ्याकडे बघितलं नाही. बहुतेक आता वर्षभर बघणार नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं, हे खरं. माणूस निकालापुढं हतबल आहे, मीही तसाच होतो.

वर्गात गेलो आणि उभ्या उभ्या सांगितलं. संयोगिता शाळेत येत होती. मी बघितलं नाही. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही हसलात. पण ते शिकवलं मी. कुणी हसलं नाही. यशराज उठला आणि न विचारता प्रयोगशाळेकडे गेला. परत आला तो हात हलवत. “सर, बाक लई जड हाय. त्यापरीस ती आमच्या बाकावर बसू दे, आम्ही तिघं बसतो.” दुसरा म्हणाला, “तू किती जाड हाईस ते बघ आधी.” मग त्यांची वादावादी. मी ओरडलो नाही.

अडीच वाजता मीनाबाई मुलीला घेऊन ऑफिसात आली. संगणकावर भाऊसोने अर्ज उघडला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख. संयोगिताने एकेक ओळ बोट लावून वाचली. फोटो नवीन काढायला लागला, त्यात अर्धा तास गेला. भाऊसोची कुरकुर चालू. सव्वातीनला सही करायची वेळ आली. पेन हातात धरून ती माझ्याकडे वळली. महिन्याभरात पहिल्यांदा डोळ्यात बघून बोलली.

“सर, परत काढून घेणार न्हाईसा न्हवं?”

“नाही.”

ती तशीच थांबली. माझ्या ‘नाही’वर तिचा विश्वास बसायला काही कारण नव्हतं. मी निवेदनाची शिक्का मारलेली प्रत खिशातून काढली, उलगडली आणि तिच्या हातात दिली. तिने सगळी वाचली, आईला वाचून दाखवली, घडी घालून दप्तरात ठेवली. माझ्यासाठी ठेवलेली ती एकच प्रत होती. मागितली नाही.

मग तिने सही केली. भाऊसोने बटण दाबलं. अर्ज गेला.

तिसरी प्रत मी घरी जाताना पोस्टात टाकली.